खाऱ्या सरोवरावरचा रूळ : एडवर्ड हॅरिमन

आपल्या वार्षिकांत चरित्रे येतात ती बहुधा संतांची, समाजसुधारकांची किंवा देशासाठी झिजलेल्या माणसांची. त्या पंक्तीत एखाद्या अमेरिकन रेल्वेसम्राटाला आणून बसवणे काही वाचकांना खटकेल, याची मला कल्पना आहे. ज्याने देवाधर्माची सेवा केली नाही, तुरुंगवास भोगला नाही, एक ओळ कविता लिहिली नाही, उलट शेअरबाजारात आयुष्य घालवून गडगंज पैसा मिळवला, अशा माणसापासून आम्ही काय घ्यावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आपण ज्या रस्त्यांवरून चालतो, ज्या पुलांवरून जातो आणि ज्या धरणांचे पाणी पितो, ती सारी अशाच कुणा धाडसी, हिशेबी आणि पुष्कळदा निष्ठुर माणसांनी उभी केलेली असतात. त्यांचे मोजमाप करायला आपण कधी शिकणार? एडवर्ड हेन्री हॅरिमनच्या आयुष्याकडे मी वळलो तो या प्रश्नाच्या ओढीने.

हॅरिमनचा जन्म २० फेब्रुवारी १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हेम्पस्टेड गावी झाला. वडील ऑरलँडो हॅरिमन हे धर्मोपदेशक. घरात शिक्षण आणि कुलाभिमान भरपूर, पैसा मात्र बेताचा. वडिलांचे वेतन तुटपुंजे आणि मुलांचा गोतावळा मोठा. अशा घरातल्या हुशार मुलाने शिकून पाळकच व्हावे, ही सर्वांचीच अपेक्षा असणार. पण एडवर्डने चौदाव्या वर्षीच शाळा सोडली आणि न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर एका पेढीत निरोप्या पोऱ्याची नोकरी धरली. कागद घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत धावायचे, भाव कानावर घालायचे, हेच त्याचे काम. आपण पदवीच्या वाटेवर असलेली मुले! चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलाची गोष्ट वाचताना आपल्याला थोडे अवघडल्यासारखे होते. हॅरिमनची शाळा सुटली, शिकणे मात्र सुटले नाही, एवढे येथेच सांगून ठेवतो. आकडे तोंडपाठ ठेवण्याची आणि त्यांच्यामागचे माणसांचे मन ओळखण्याची विद्या तो त्या धावपळीतच शिकला.

१८७० मध्ये, वयाच्या अवघ्या बावीसाव्या वर्षी, त्याने चुलत्याकडून तीन हजार डॉलर उसने घेऊन न्यूयॉर्क शेअरबाजाराचे सभासदत्व विकत घेतले. पुढची काही वर्षे तो दलाल म्हणूनच वावरला. ठेंगणी, सडपातळ मूर्ती, डोळ्यांवर चष्मा, ओठांवर झुकलेल्या मिशा, बोलणे तुटक. गर्दीत उठून दिसावे असे त्याच्यापाशी काहीच नव्हते. मात्र याच काळातली एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. १८७६ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत, टॉम्पकिन्स स्क्वेअरजवळ, रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी एक क्लब सुरू केला. संध्याकाळी मुलांना खेळायला, वाचायला, उबेत बसायला जागा मिळावी एवढाच हेतू. या क्लबाकडे तो अखेरपर्यंत लक्ष देत राहिला. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि अजून मोठा धनिक झालेला नव्हता.

१८७९ मध्ये मेरी ॲव्हरेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. सासरे ऑग्डेन्सबर्ग येथील बँकमालक आणि एका लहान रेल्वे कंपनीचे अध्यक्ष. रेल्वेशी हॅरिमनचा खरा परिचय झाला तो येथून. १८८१ साली त्याने ऑन्टारिओ सरोवराच्या काठची चौतीस मैलांची एक मोडकळीला आलेली रेल्वे सहकाऱ्यांसह घेतली, तिची डागडुजी केली आणि मोठ्या कंपनीला चांगल्या भावाने विकली. या लहानशा व्यवहारातून त्याने आयुष्यभराचे सूत्र उचलले. रेल्वेची किंमत तिच्या शेअरच्या कागदावर नसते. ती असते रुळांच्या वजनात, चढावाच्या अंशात आणि वळणांच्या संख्येत. जो रस्ता सरळ आणि सपाट करील त्याच्या हाती पैसा आपोआप येईल. पुढे १८८३ मध्ये तो इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या संचालक मंडळावर गेला आणि तेथे या धंद्याची बारीकसारीक माहिती त्याने आत्मसात केली.

पन्नाशी गाठेपर्यंत सामान्य अमेरिकन माणसाला हॅरिमनचे नावही ठाऊक नव्हते. त्याचे नशीब उघडले ते एका दिवाळखोर रेल्वेमुळे. १८६९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या पहिल्या मार्गाचा पूर्वेकडचा भाग बांधणारी युनियन पॅसिफिक कंपनी १८९३ मध्ये बुडाली होती. रूळ झिजलेले, पूल लाकडी, कर्जाचा डोंगर. जेकब शिफ या पेढीवाल्याने तिची पुनर्घटना हाती घेतली तेव्हा हॅरिमनने आपला हात पुढे केला. १८९७ मध्ये तो संचालक झाला, १८९८ मध्ये कार्यकारी समितीचा अध्यक्ष. पद हाती येताच तो गाडीत बसून निघाला. निरीक्षणाचा डबा पुढे आणि एंजिन मागे, अशी गाडीची रचना. प्रवास फक्त दिवसाउजेडी, म्हणजे मार्गाचा एकही मैल नजरेतून सुटू नये. प्रत्येक वळण, प्रत्येक चढ, प्रत्येक ठाणे त्याने डोळ्यांखालून घातले. त्या वाटेवरूनच त्याने संचालकांकडे अडीच कोटी डॉलर सुधारणेसाठी मागितले. बुडालेल्या कंपनीत आणखी अडीच कोटी ओतायचे? न्यूयॉर्कमधले शहाणे लोक चकित झाले. पण पश्चिमेत भरभराटीचे दिवस येणार, हे त्याने शेतांकडे आणि मालधक्क्यांकडे पाहून ताडले होते. तसेच घडले. थोड्याच वर्षांत ही मोडकी रेल्वे देशातील उत्तम मार्गांत गणली जाऊ लागली.

मध्येच एक वेगळे पान येते. १८९९ मध्ये वैद्यांनी विश्रांती घ्यायला सांगितले, तेव्हा त्याने अलास्काची सफर काढली. पण एकट्याने कुटुंबासह जावे, तर तो हॅरिमन कसला! त्याने एक अख्खी आगबोट सजवली आणि स्वखर्चाने देशातले नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, पक्षितज्ज्ञ, चित्रकार आणि छायाचित्रकार बरोबर घेतले. अरण्यांचा कैवारी जॉन म्यूरही त्यांत होता. म्यूरला धनिकांविषयी मुळीच प्रेम नव्हते. तरी त्या सफरीत दोघांची मैत्री जमली ती कायमची. योसेमिटी दरीच्या संरक्षणाचा कायदा १९०५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात अडला, तेव्हा म्यूरने याच मित्राकडे शब्द टाकला आणि हॅरिमनने आपले वजन खर्च केले. त्याच्या मृत्यूनंतर म्यूरने त्याच्यावर एक छोटे पुस्तकही लिहिले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. युनियन पॅसिफिकचा मार्ग युटा प्रांतातील ऑग्डेन येथे संपत असे. त्यापुढे कॅलिफोर्नियापर्यंतचा मार्ग सेंट्रल पॅसिफिकचा, आणि ती कंपनी सदर्न पॅसिफिकच्या ताब्यात. तिचा सूत्रधार कॉलिस हंटिंग्टन हा १९०० मध्ये वारला. पुढच्याच वर्षी हॅरिमनने सदर्न पॅसिफिकचे एवढे शेअर घेतले की तिच्या नाड्या त्याच्या हाती आल्या. पण ऑग्डेनच्या पश्चिमेला एक जुनी अडचण होती. वाटेत ग्रेट सॉल्ट लेक हे अफाट खारे सरोवर आडवे पडले आहे. १८६९ मध्ये रेल्वे बांधणाऱ्यांनी, त्यांत हजारो चिनी मजूर होते, सरोवराला उत्तरेकडून वळसा घालून प्रॉमोंटरीच्या डोंगरावरून मार्ग नेला होता. याच डोंगरावर १० मे १८६९ रोजी सोन्याचा खिळा ठोकून दोन किनारे जोडल्याचा सोहळा झाला. सोहळा थोर, पण मार्ग कठीण. चढ इतका की मालगाडीला जादा एंजिने लावावी लागत. आपल्याकडे बोरघाट चढताना कर्जतला गाडीच्या पाठीमागे जादा एंजिने जोडतात, ते पुण्या-मुंबईकडे ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. तसाच तो प्रकार.

सदर्न पॅसिफिकचा मुख्य अभियंता विल्यम हूड याचा विचार धाडसी होता. वळसा का घालायचा? सरळ सरोवरातूनच जाऊ. हॅरिमनने हिशेब केला आणि होकार दिला. १९०२ मध्ये काम सुरू झाले.

हे सरोवर म्हणजे काय आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्या त्यात येऊन मिळतात, पण त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जाते ते फक्त उन्हाच्या वाटेने, आणि मीठ मागे उरते. हजारो वर्षांचे हे संचित समुद्राच्या कितीतरी पट खारे आहे. सरोवर उथळ, पण तळाशी गाळ भयंकर. भोवती ओसाड वाळवंट. तीन हजारांच्या आसपास मजूर तेथे राबले. डोळ्यांसमोर अथांग पाणी आणि घोटभरही पिण्याजोगे नाही! पिण्याचे गोडे पाणी गाडीने आणावे लागे. टेक्सास, लुइझियाना, ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाच्या जंगलांतून लाकडाचे प्रचंड खांब आले. वाफेची यंत्रे हे खांब तळात ठोकीत होती. कुठे तळाशी क्षारांचा कठीण थर लागे आणि खांब आत शिरेना, तर कुठे गाळ इतका मऊ की खांब गिळला जाई. अडतीस हजारांहून अधिक खांब ठोकले गेले. सरोवराच्या खोल भागावर सुमारे बारा मैल लांबीचा लाकडी पूल उभा राहिला आणि उथळ भागांत दगडमातीचा भराव पडला.

पुलापेक्षा भरावानेच अधिक छळले. डब्यामागून डबे दगड ओतावेत, बांध पाण्यावर दिसू लागावा आणि सकाळी पाहावे तो तो पुन्हा खाली बसलेला असावा! पूर्वेकडच्या बेअर नदीच्या उपसागरात हा खेळ महिनोन् महिने चालला. अखेर नोव्हेंबर १९०३ मध्ये दोन्ही बाजूंची टोके भिडली. २६ नोव्हेंबरला हॅरिमन स्वतः पाहुण्यांसह खास गाडीने सरोवराच्या मध्यावर आला आणि समारंभ झाला. तरीही भराव बसत राहिल्यामुळे नियमित मालवाहतूक सुरू व्हायला मार्च १९०४ उजाडला. प्रवासी गाड्या त्यानंतर आल्या. ऑग्डेनपासून ल्यूसिनपर्यंतचा हा १०३ मैलांचा जोडमार्ग ‘ल्यूसिन कटऑफ’ या नावाने प्रसिद्ध झाला. अंतर सुमारे ४४ मैलांनी घटले आणि जादा एंजिनांची गरज संपली. प्रॉमोंटरीचा ऐतिहासिक डोंगर ओस पडला. तेथले रूळ १९४२ मध्ये युद्धासाठी लोखंड हवे म्हणून उखडले गेले.

एवढेच सांगून थांबलो तर हॅरिमनचे चित्र देव्हाऱ्यात ठेवता येईल. पण चरित्र म्हणजे आरती नव्हे. दुसरी बाजू अशी. १८९९ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी शिकागो अँड आल्टन ही सुस्थितीतील रेल्वे घेतली आणि काही वर्षांत तिच्यावर कागदी भांडवलाचा प्रचंड बोजा चढवला. १९०१ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या ताब्यासाठी त्याची जेम्स हिल आणि जे. पी. मॉर्गन यांच्याशी जुंपली. दोन्ही बाजूंनी शेअर असे खेचले की ९ मे रोजी एका शेअरचा भाव हजार डॉलरवर गेला. आपल्यापाशी नसलेले शेअर आधीच विकून बसलेल्यांची कोंडी झाली. त्यांनी मिळेल त्या भावाने इतर शेअर विकायला काढले, बाजार कोसळला आणि असंख्य लहान गुंतवणूकदार धुळीला मिळाले. बड्यांनी मात्र नंतर तडजोड केली आणि एक सामाईक कंपनी काढली. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली. १९०६ मध्ये, ज्या स्टायव्हसन्ट फिशच्या मैत्रीमुळे तो इलिनॉय सेंट्रलमध्ये शिरला होता, त्या फिशलाच त्याने अध्यक्षपदावरून दूर करवले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याशीही त्याचे बिनसले. १९०४ च्या निवडणुकीतील देणगीवरून आरोप-प्रत्यारोप झाले, सरकारी आयोगाने त्याच्या व्यवहारांची चौकशी केली आणि वर्तमानपत्रांनी त्याला खलपुरुष ठरवले.

नियतीचा खेळ पाहा. याच वर्षांत या खलपुरुषाला दुसऱ्या एका खाऱ्या पाण्याशी झुंजावे लागले. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला समुद्रसपाटीहून दोनशे फुटांहून अधिक खोल एक कोरडा खळगा होता. एका पाटबंधारे कंपनीने कोलोरॅडो नदीच्या काठाला धड दरवाजा न बसवता चर खणला. १९०५ च्या पुरांत तो रुंदावला आणि सारी नदीच पात्र सोडून त्या खळग्यात उतरली. शेते बुडाली आणि सदर्न पॅसिफिकचे रूळ पुन्हा पुन्हा उंचावर हलवावे लागले. रेल्वेने त्या कंपनीचा ताबा घेतला. एकामागून एक बंधारे वाहून गेले. याच सुमारास, एप्रिल १९०६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत भीषण भूकंप झाला. हॅरिमन तातडीने तेथे गेला आणि त्याच्या गाड्यांनी निराश्रितांना फुकट बाहेर काढले. तिकडे नदीचे भगदाड नोव्हेंबरमध्ये बुजले आणि डिसेंबरमध्ये पुन्हा फुटले. तेव्हा रूझवेल्टनी आपल्या वैऱ्यालाच तारा पाठवल्या. हॅरिमनने पुन्हा हजारो डबे दगड लोटले आणि १० फेब्रुवारी १९०७ रोजी नदी जुन्या पात्रात परतली. सरकारकडून भरपाई त्याच्या हयातीत मिळाली नाही. खळग्यात साचलेले पाणी मात्र राहिले. तोच आजचा सॉल्टन समुद्र. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये पुलाचे भराव बसवताना जी विद्या अंगवळणी पडली, तीच, म्हणजे लाकडी पुलावरून गाड्या नेऊन दगड ओतण्याची, येथे कामी आली.

त्याची दृष्टी अमेरिकेबाहेरही होती. १९०५ मध्ये जपानला जाऊन त्याने मांचुरियाच्या रेल्वेत भागीदारीचा करार जवळजवळ घडवून आणला. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा आगबोटी आणि रेल्वेंचा सलग मार्ग हे त्याचे स्वप्न. जपानी सरकारने नंतर माघार घेतली आणि स्वप्न विरले. देह थकत चालला होता. १९०९ च्या उन्हाळ्यात तो उपचारांसाठी युरोपात गेला, पण गुण आला नाही. ९ सप्टेंबर १९०९ रोजी, आर्डेन येथे डोंगरमाथ्यावर बांधलेल्या आपल्या नव्या घरात, एकसष्टाव्या वर्षी त्याने देह ठेवला. सारी संपत्ती पत्नीच्या नावे. पुढच्या वर्षी तिने दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर सार्वजनिक उद्यानासाठी न्यूयॉर्क राज्याला दिले. मुलगा ॲव्हरेल हॅरिमन पुढे रशियातील राजदूत आणि न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला.

माणूस गेला, पण त्याचे सरोवरातले काम पुढे चालू राहिले, आणि मला विचारात टाकते ते हेच. लाकडी पुलाखालून पाणी इकडून तिकडे वाहत असे. पण पूल जुना झाला. देखभालीचा खर्च आणि गाड्यांचे वजन दोन्ही वाढले. म्हणून १९५९ मध्ये, म्हणजे हॅरिमनच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाल्यावर, सदर्न पॅसिफिकने पुलाच्या उत्तरेला दगडमातीचा भरीव बांध घालून त्यावरून रूळ नेले. पाण्यासाठी ठेवल्या फक्त दोन अरुंद मोऱ्या. नद्या साऱ्या दक्षिण भागाला मिळतात, उत्तर भागाला गोडे पाणी जवळजवळ नाहीच. काही वर्षांतच एका सरोवराची दोन सरोवरे झाली. उत्तरेकडचे पाणी मिठाने इतके दाटले की त्यात मीठप्रिय सूक्ष्मजीवच तग धरू शकतात, आणि त्यांच्यामुळे ते गुलाबी-तांबडे दिसते. दक्षिणेचे पाणी निळसर-हिरवे. बांध मधोमध, जणू दोन रंगांमध्ये आखलेली पट्टी. जून २०२० मध्ये आपले लोणार सरोवर अकस्मात गुलाबी झाले होते, ते आपल्याला आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा त्याचे कारणही अशाच जातीचे मीठप्रिय जीव निघाले.

१९८४ मध्ये पूर आला तेव्हा बांधाला तीनशे फुटांचे खिंडार पाडावे लागले. मोऱ्या खचल्यावर २०१६ मध्ये १८० फुटांचा नवा पूल बसवला गेला. मग उलटे संकट आले. शेती आणि शहरे नद्यांचे पाणी वरच्या वर उचलतात, त्यामुळे नोव्हेंबर २०२२ मध्ये सरोवर नोंदींतील नीचांकाला पोचले. दक्षिणेचा खारटपणा वाढला. ज्या बारीक कोळंबीवर लाखो स्थलांतरी पक्षी जगतात, ती धोक्यात आली. तेव्हा २०२२ आणि २०२३ मध्ये त्या पुलाखालचा उंबरठा उंच करून उत्तरेचे मीठ अडवण्यात आले. ज्या बांधाने सरोवर तोडले, तोच आता त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाची राखण करतो आहे. न्यायालयाने १९१२ मध्ये वेगळ्या केलेल्या युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक १९९६ मध्ये पुन्हा एक झाल्या आणि बांधावरून त्याच नावाच्या गाड्या धावू लागल्या. जुन्या पुलाचे लाकूड नंतर काढून विकले गेले. मिठात मुरलेल्या कैरीसारखे ते टिकले होते.

या साऱ्याचा दोष हॅरिमनला द्यावा का? मी बराच विचार केला. त्याने घातलेला पूल पाण्याला वाट ठेवणारा होता. भरीव बांध इतरांनी, त्याच्यामागून घातला. पण सरळ मार्गाचा हट्ट त्याचाच होता. अंतर, चढ आणि वळणे यांचा हिशेब त्याने चोख मांडला. पाणी, मीठ आणि पाखरे यांचा रकाना त्याच्या वहीतच नव्हता. त्या काळी तो कोणाच्याच वहीत नव्हता. आपल्या हाती मात्र ती वही आता आली आहे. उद्या आपल्यातील कोणी सरकारी कचेरीत बसेल, कोणी कारखान्यात, कोणी पुलाच्या मंजुरीवर सही करील. हॅरिमनची हिंमत आपल्याला लाभो, असे मी मनापासून म्हणेन. त्याच्याप्रमाणे जाऊन, दिवसाउजेडी, एकेक मैल पाहण्याची सवयही लाभो. आणि पाहताना रुळांच्या दोन्ही बाजूंना काय आहे तेही पाहावे, एवढी भर त्यात आपण घालावी.